गाजर गवतावर भुंग्यांची मात्रा

पावसाळ्याचे दोन नक्षत्र बरसले की सेलू तालुक्यातील रस्त्यांच्या कडा, शाळांची पटांगणे, पडीत जमिनी आणि शेतांचे धुरे पांढऱ्या फुलांनी भरून जातात. दुरून नयनरम्य वाटणारे हे दृश्य वस्तुतः एका आक्रमणाचे आहे. गाजर गवत या नावाने आपणा सर्वांस परिचित असलेले हे तण मूळचे अमेरिका खंडातील. १९५५ साली पुण्यात ते प्रकर्षाने नजरेस आले आणि आयात गव्हाबरोबर ते आले असा समज रूढ झाला. त्यापूर्वीच्याही त्याच्या तुरळक नोंदी सापडतात. ते कसेही आले असो, आज देशाचा क्वचितच एखादा भाग त्यापासून मुक्त असेल.

या तणाचा उपद्रव केवळ पिकापुरता नाही. त्याच्या स्पर्शाने त्वचेवर चट्टे उठतात, परागकणांनी दम्याचा विकार बळावतो. निंदणाला जाणारी मजूर स्त्री उघड्या हातांनी ते उपटते आणि त्याची किंमत तिच्या शरीराने मोजते. एक झाड हजारो बिया टाकते. म्हणून फुले आल्यानंतर केलेली कापणी म्हणजे पुढील वर्षाच्या पेरणीला लावलेला हातभारच होय.

मग उपाय कोणता? तणनाशकाची फवारणी हा सर्वांस सुचणारा मार्ग. परंतु मैलोगणती रस्ते आणि गायराने दरवर्षी विषाने धुऊन काढणे खर्चाला परवडणारे नाही आणि पाण्यामातीलाही हितकर नाही. अशा वेळी काट्याने काटा काढण्याची जुनी युक्ती विज्ञानाने नव्या रूपात पुढे ठेवली आहे. झायगोग्रामा बायकोलोराटा नावाचा, पांढुरक्या पाठीवर तपकिरी रेघा असलेला लहानसा भुंगा १९८३ साली मेक्सिकोतून बंगळूरला आणण्यात आला. चाचण्यांनंतर १९८४ मध्ये तो मोकळा सोडला गेला. या भुंग्याचे प्रौढ आणि अळ्या दोन्ही गाजर गवताची पाने फस्त करतात. सुमारे महिनाभरात त्याची एक पिढी पुरी होते. हिवाळा-उन्हाळा तो जमिनीत निद्रिस्त राहतो आणि पावसाबरोबर पुन्हा वर येतो.

परदेशी कीटक आणणे म्हणजे घरात नवे संकट ओढवून घेणे नव्हे काय, ही शंका रास्त आहे. १७९५ मध्ये तांबड्या रंगाच्या लोभाने ब्राझीलमधून आणलेला कोचिनील किडा भलत्याच जातीचा निघाला. रंग मिळाला नाही, मात्र निवडुंगाच्या एका जातीचा त्याने फडशा पाडला. तो योगायोग होता, आणि योगायोगावर शेती सोपविता येत नाही. म्हणूनच आज कीटक सोडण्यापूर्वी तो पिकांना तोंड लावतो की काय, हे कसोशीने तपासले जाते. मेक्सिकन भुंग्यालाही १९९० नंतर अशाच परीक्षेस तोंड द्यावे लागले. कर्नाटकात तो सूर्यफुलावर दिसताच खळबळ माजली. अभ्यासांती असे दिसले की, पानांवर गाजर गवताचे परागकण पडल्यामुळे तो तेथे आकृष्ट होत होता. सूर्यफूल हे त्याच्या वंशवृद्धीचे अन्न नव्हे. शंका घेणारे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. शंकेचे निरसन प्रयोगाने झाले, हेच महत्त्वाचे.

तथापि हा भुंगा म्हणजे जादूची कांडी नव्हे. पाऊस लांबला की तो उशिरा जागा होतो, तोवर तण फुलून जाते. त्याची संख्या वाढण्यास काही वर्षे लागतात. दुर्दैवाने आपण त्याला तेवढी सवड देत नाही. भर पावसाळ्यात, भुंगे पाने खात असतानाच फवारणी झाली, तर तणाबरोबर या फुकटच्या मजुराचाही घास हिरावला जातो.

तेव्हा करणे काय? परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठासारख्या संस्था हे भुंगे शेतकऱ्यांना पुरवितात. ग्रामपंचायतींनी ते आणून पडीत जागी सोडावेत आणि जेथे भुंगे स्थिरावले आहेत तेथे फवारणी वर्ज्य करावी. मोकळ्या जागी तरोट्याचे बी टाकावे. ज्याची भाजी आपण आवडीने खातो तोच तरोटा गाजर गवताला वाढू देत नाही. वस्तीलगतचे तण मात्र फुलण्यापूर्वी, हातमोजे घालूनच उपटावे आणि ते हातमोजे मजुरांना पुरविणे हे काम देणाऱ्याचे कर्तव्य मानले जावे.

जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा काळ गाजर गवत जागृती सप्ताह म्हणून पाळला जातो. या सप्ताहात घोषणांच्या फेरीपेक्षा शिक्षकांनी विद्यार्थ्यांना पटांगणाच्या कडेला नेऊन पानामागची अंडी आणि अळी दाखवावी. पानावरचा प्रत्येक किडा शत्रू नसतो, एवढे एका पिढीला कळले तरी पुष्कळ साधले. तण सात दिवसांत जाणार नाही. ते हटविण्यासाठी भुंग्याइतकीच चिकाटी माणसालाही अंगी बाणवावी लागेल.