आधी शेवटच्यांची मजुरी
मंडळीच्या ओसरीवरून : ओसरीकर

द्राक्षमळ्याच्या दाखल्यावर आपल्याकडे इतके उपदेश झाले आहेत की वाचन सुरू झालं की अर्धी मंडळी घड्याळ बघते. मत्तयाचा विसावा अध्याय. मालक पहाटे मजूर लावतो, मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी पाचला. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर सारखीच मजुरी, एक दिनार. दिवसभर उन्हात राबलेले कुरकुरतात. मालक त्यांना गप्प करतो. देवाची कृपा अशी असते, असं सांगून पाळकसाहेब प्रार्थना करतात आणि आपण घरी जेवायला जातो.

पण त्या गोष्टीतला एक तपशील बहुतेक उपदेशांतून निसटतो. मालक कारभाऱ्याला सांगतो, मजुरी द्यायला शेवटच्यांपासून सुरुवात कर. हा क्रम उलटा असता तर पहाटेचे मजूर ठरलेला दिनार कनवटीला लावून खुशीत निघून गेले असते. पाचवाल्यांना काय मिळालं याचा त्यांना पत्ताही लागला नसता. मालकाला शांतता हवी असती तर ती इतकी सोपी होती. त्याने पहिल्यांना थांबवलं आणि दुसऱ्यांच्या हातावर पडणारं नाणं बघायला लावलं. कुरकुर झाली ती त्या बघण्यातून, मजुरीतून नव्हे. मजुरीत एक पैसाही कमी नव्हता.

दाखला कुठे येतो तेही पाहावं. त्याच्या जरा आधी, एकोणिसाव्या अध्यायाच्या शेवटी, पेत्र विचारतो की आम्ही सगळं सोडून तुझ्यामागे आलो, मग आम्हाला काय मिळणार? आणि दाखला संपून थोड्याच ओळी जातात तोच जब्दीच्या मुलांची आई येते. राज्यात माझा एक मुलगा उजवीकडे आणि एक डावीकडे बसू दे, ही तिची मागणी. ते ऐकून उरलेले दहा संतापतात. मागणी अनात्मिक वाटली म्हणून संतापले असं समजायला माझं मन तयार नाही, कारण शेवटच्या भोजनाच्या वेळीही त्यांच्यात मोठा कोण यावरून वाद झाल्याचं लूक सांगतो. आपल्या आईला हे आधी का सुचलं नाही, याचाच तो राग असावा. हा दाखला शास्त्री-परुश्यांना सांगितलेला नाही. सगळं सोडून मागे आलेल्यांना सांगितलेला आहे.

मंडळीतला हेवा ओळखायला कठीण, कारण तो रविवारचे कपडे घालून येतो. कचेरीत माणूस सरळ म्हणतो, त्याला बढती मिळाली, मला नाही. उपासनेनंतर आवारात उभं राहून असं बोलता येत नाही. तिथे आपण म्हणतो, ‘‘ताईंसाठी जरा प्रार्थना करा हं, गळा चांगला आहे, पण नम्रता हवी.’’ तरुण पाळक आला आणि मागची बाकंही भरू लागली की ज्येष्ठांना एकाएकी शुद्ध शिकवणीची चिंता लागते. मुलाला परदेशात नोकरी लागल्याची साक्ष कोणी दिली की ‘प्रभूची स्तुती असो’ म्हणणाऱ्यांत एखादा आवाज गरजेपेक्षा मोठा असतो. पास्टोरेट कमिटीच्या निवडणुकीबद्दल तर न बोललेलंच बरं. आणि नगर, सोलापूर, मिरज, जालना अशा जुन्या मिशनच्या गावांत एक वाक्य हमखास ऐकू येतं : आम्ही चार पिढ्यांचे ख्रिस्ती. हे पहाटेच्या मजुराचं वाक्य आहे. गेल्या वर्षी बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला प्रार्थना चालवायला सांगितली की ते हटकून निघतं.

खरं तर त्या पाचच्या मजुरांकडे आपण नीट बघतच नाही. मालक विचारतो तेव्हा ते म्हणतात, आम्हाला कोणी कामाला लावलंच नाही. मजूर अड्ड्यावर सकाळची गर्दी पांगल्यावर कोण उरतं ते शहरात राहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. म्हातारे, अशक्त, एक हात अधू असलेले. ते आळशी नव्हते, त्यांना कोणी निवडलं नव्हतं. दिवसभर निवडलं न जाण्याचं ओझं उन्हापेक्षा हलकं असतं, असं पहिल्यांना वाटलं, इथे त्यांचा हिशेब चुकला.

एका गोष्टीबद्दल मात्र सावध राहायला हवं. ‘हेवा करू नका’ हे वाक्य पुष्कळदा वरच्यांच्या सोयीचं असतं. संडे स्कूल वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या बाईंना कमिटीत जागा नाही, चर्चच्या शिपायाचा पगार दोन-दोन महिने थकतो, आणि त्यांनी तोंड उघडलं की त्यांना कृपेवरचं प्रवचन मिळतं. दाखल्यातल्या मालकाने पहिल्यांना ठरलेली मजुरी पूर्ण आणि त्याच संध्याकाळी दिली होती. ज्याने ती दिलेली नाही त्याला हा दाखला वापरायचा अधिकार नाही. शेतात राबलेल्यांची अडवून ठेवलेली मजुरी देवाच्या कानापर्यंत ओरडत जाते, असं याकोबाचं पत्र बजावतं. हक्काचं मागणं हा हेवा नव्हे. स्वतःचं पुरेपूर मिळालेलं असताना दुसऱ्याचं बघून ते आंबट लागणं, हा हेवा.

त्यावर औषध काय? आपले आशीर्वाद मोजा, असं सांगायची पद्धत आहे. मला हा उपाय कच्चा वाटतो. मोजायला बसलेला माणूस स्वतःचे मोजून झाले की शेजाऱ्याचे मोजतो. उपदेशानेही भागत नाही, याचा पुरावा करिंथची मंडळी आहे. हेव्यावरून आणि गटबाजीवरून पौलाने तिला खडसावलं. लग्नात आपण हौसेने वाचतो तो प्रीतीचा अध्यायही याच भांडकुदळ मंडळीला लिहिलेला आहे. पुढे चाळीसेक वर्षांनी, इ.स. ९६ च्या सुमारास, रोमच्या मंडळीला करिंथला पुन्हा लांबलचक पत्र लिहावं लागलं. क्लेमेंटचं पत्र म्हणून ते प्रसिद्ध आहे. करिंथकरांनी आपल्या वडिलांना पदावरून दूर केलं होतं. मत्सराने काय काय घडवलं याची काईनापासूनची यादीच त्यात आहे, आणि पेत्र व पौल यांच्या छळामागेही मत्सरच होता असं ते पत्र म्हणतं. साक्षात प्रेषिताचा अध्याय वाचलेल्या मंडळीची ही अवस्था, तर आपल्या रविवारच्या वीस मिनिटांनी किती फरक पडणार?

म्हणून मी शिकवणीपेक्षा एका माणसाकडे बघतो. कुप्र बेटावरचा लेवी, नाव योसेफ. प्रेषितांनी त्याला बर्णबा म्हणायला सुरुवात केली. जमीन विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी ठेवणारा, म्हणजे अगदी पहाटेचा मजूर. स्तेफनाच्या मृत्यूनंतर पांगलेल्या काही विश्वासणाऱ्यांनी अंत्युखियात ग्रीक लोकांनाही सुवार्ता सांगितली आणि तिथे मोठी मंडळी उभी राहिली. हे करणाऱ्यांची नावंसुद्धा आपल्याला माहीत नाहीत. यरुशलेमच्या परवानगीचा तर प्रश्नच नव्हता. यरुशलेमने बर्णबाला तिकडे पाठवलं. मुख्य कचेरीचा माणूस शाखेत येतो तेव्हा काय शोधतो ते आपण जाणतो. प्रेषितांच्या कृत्यांचा अकरावा अध्याय सांगतो की त्याने तिथे देवाची कृपा पाहिली आणि त्याला आनंद झाला. पहाटेच्या मजुरांना जे बघायला लावलं होतं तेच त्याच्यासमोर होतं, आणि तो कुरकुरला नाही.

तो तिथेच थांबला असता तरी भला माणूस म्हणून गणला गेला असता. काम वाढलं तसा तो उठून तार्सला गेला आणि शौलाला शोधून घेऊन आला. हा तोच शौल, म्हणजे पुढचा पौल, ज्याला यरुशलेमचे शिष्य भीत होते आणि बर्णबानेच ज्याची हमी घेतली होती. आपल्यापेक्षा विद्वान, धारदार बोलणारा माणूस आपल्या मंडळीत आणून बसवणं किती जणांना जमतं? वर्षभर दोघांनी मिळून शिकवलं. शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा त्याच गावात पडलं. पुढच्या प्रवासात लूकच्या लिखाणात नावांचा क्रम हळूच बदलतो. आधी बर्णबा आणि शौल, मग बहुतेक ठिकाणी पौल आणि बर्णबा. या बदलाबद्दल बर्णबाने काही म्हटल्याची नोंद नाही. पुढे दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, पण ते मार्काला सोबत न्यायचं की नाही यावरून. म्हणजे तिथेही बर्णबा एका मागे पडलेल्या तरुणाची बाजू घेऊनच उभा होता.

नव्या करारात पौलाच्या नावाची तेरा पत्रं आहेत. बर्णबाच्या नावाचं एकही नाही.