पोरं राहुल पाहतात, म्हातारे बाप

‘मुळशी पॅटर्न’चा विषय निघाला की नवी मुंबईतल्या घणसोली गावात घरातल्या घरात दोन मतं पडतात. प्रवीण तरडे यांचा हा गुन्हेगारीपट नोव्हेंबर २०१८मध्ये आला. २०२१ साली सलमान खानला घेऊन त्याचा हिंदी ‘अंतिम’ झाला. पण हिंदीच्या मानाने किरकोळ खर्चात काढलेल्या मूळ सिनेमाची धग मला त्यात सापडली नाही. पोरांना आवडतो तो ओम भूतकरचा राहुल, त्याची चाल, त्याचे डायलॉग. साठीपुढची माणसं मोहन जोशींनी केलेल्या, जमीन गमावलेल्या त्याच्या बापापाशी थांबतात, आणि ते साहजिकच आहे. त्यांचीही जमीन गेली आहे; फक्त इथली भातखाचरं सिनेमातल्यासारखी दलालाने नव्हे, नवी मुंबई वसवायला सरकारने घेतली. योग्य मोबदल्यासाठी शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे गावंच्या गावं रस्त्यावर उतरली, जानेवारी १९८४मध्ये उरण तालुक्यात गोळीबारात पाच जण गेले, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना पदरात पडली. आज गावठाणात खिडकीला खिडकी भिडलेल्या इमारती आहेत, दर मजल्यावर भाडेकरू आहेत. त्या भाड्यावर वाढलेल्या पोराने खाचरात पाय कधी घातलेलाच नाही. त्याला बापाचं दुःख कळायचं तर सिनेमानेच ते दाखवायला हवं. म्हाताऱ्यांची तक्रार मला म्हणूनच पटते: जमीन जाते तो भाग भरभर आटोपला आहे आणि कोयते पडद्यावर फार वेळ आहेत. संकलनाच्या टेबलावर हे प्रमाण उलटं करायला जास्तीचा एक रुपयाही लागला नसता.