जाहिरातीचा हिशेब आधी वहीत मांडा

छोट्या दुकानदाराला हल्ली दोन प्रकारची भीती घालतात. एक, मोठी दुकानं तुला खाऊन टाकतील. दुसरी, तू 'ऑनलाइन दिसला' नाहीस तर संपलास! पहिल्या भीतीवर कुणाकडे औषध नाही. दुसरीवर मात्र दरमहा पैसे घेऊन औषध विकणारे गल्लोगल्ली झाले आहेत. माझा राग या मंडळींवर आहे आणि आज तो स्पष्टच लिहिते.

माझी एक जुनी विद्यार्थिनी इथे सांगलीत पोळी-भाजी केंद्र चालवते. दोन शेगड्या, मदतीला दोन बायका. तिला एकाने महिना ९,००० रुपयांचं 'पॅकेज' गळ्यात मारलं. त्यात काय, तर फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर महिन्याला बारा चित्रं. सणांच्या शुभेच्छा, चार सुविचार आणि कुठल्या तरी परक्या ताटाचा फोटो, ज्यात हिची पोळी नाहीच. "बाई, पाच हजार लोकांनी पाहिलं म्हणतात," ती मला म्हणाली. मी विचारलं, "त्यातले आपल्या भागात राहणारे किती?" ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. पोळी काही नागपूरला पाठवता येत नाही!

मग आम्ही शाळेतल्यासारखा हिशेब मांडला. सगळा खर्च वजा जाता एका पोळीमागे तिला तीन रुपये सुटतात. ९,००० भागिले ३, म्हणजे महिन्याला ३,००० पोळ्या. रोजच्या १००. नुसते जाहिरातीचे पैसे फिटायला रोज शंभर पोळ्या जास्त लाटायच्या, आणि घरात एक रुपया यायचा नाही. पॅकेजवाल्याला हा भागाकार येत नाही असं थोडंच आहे? तो दाखवत नाही, इतकंच.

"मग काय, जाहिरात करूच नये?" असं कुणी विचारेल. करावी की. बोलणाऱ्याची बोरंही विकली जातात, असं आपल्याकडे म्हणतातच. पण आपल्या मालाबद्दल आपण बोलावं, आणि ज्याला तो माल हवा आहे त्याच्याशी बोलावं.

आमच्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. सुरुवातीचे नांगर खपवताना त्यांच्या नाकी नऊ आले. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. पुढे १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' नावाचं छोटं मासिक काढलं. कारखान्याचा माल आणि त्याची माहिती लोकांपर्यंत जावी हा त्यामागचा हेतू. त्याचंच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं आणि ते घराघरांत वाचलं गेलं. गिऱ्हाइकाशी त्याच्या भाषेत, त्याला कळेल असं बोलायचं, हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी उमगलं होतं. सणाच्या शुभेच्छांनी कुठला नांगर खपला असता?

'खबर' छापायला निदान कागद-शाई तरी लागे. आज तेवढाही खर्च नाही. गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद फुकट होते. वेळ, फोन नंबर आणि स्वतःच्या मालाचे चार खरे फोटो टाकले की झालं. २०१८ मध्ये आलेलं व्हॉट्सॲप बिझनेसही फुकट आहे. त्यात दरपत्रक ठेवता येतं, आणि ज्यांनी स्वतः मागितलंय त्यांना सकाळी आजची भाजी कोणती ते कळवता येतं.

आणि पाटी! दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही २०२२ पासून मराठी पाटी सक्तीची झाली, मराठी अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा लहान चालत नाहीत. पाटी करायचीच आहे, तर रस्त्यापलीकडून वाचता येईल अशी करा. त्यावर नावापेक्षा काय मिळतं ते मोठं लिहा. फोन वाजला की उचला. सांगितलेल्या वेळी दार उघडा. याला पैसे पडत नाहीत, शिस्त पडते. म्हणूनच ती कुणी पॅकेजमध्ये विकत नाही.

कुरिअरने परगावी मसाले किंवा साड्या पाठवणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांचं गिऱ्हाईक खरंच दूर आहे. त्यांनी जाहिरातीला पैसे जरूर घालावेत, पण थोडे आणि मोजून.

मोजायचं कसं? एक वही ठेवायची. नव्या गिऱ्हाइकाला विचारायचं, "आमचं नाव कुठून कळलं?" आणि उत्तर लिहून ठेवायचं. माझ्या विद्यार्थिनीने महिनाभर हे केलं. बहुतेकांना कुणीतरी सांगितलं होतं, काहींनी जाता-येता पाटी वाचली होती. पॅकेजमधलं चित्र पाहून आलेलं कुणी सापडेना. पुढच्या महिन्यापासून तिने ते बंद केलं. वाचलेल्या पैशांतून मदतनीस बायकांचा पगार वाढवला, आणि डब्यात रोज एक चटणी जास्त जाऊ लागली. त्या चटणीबद्दल लोक एकमेकांना सांगतात, ही जाहिरात नाही तर काय?

आमच्या नात्यातही दुकानदार बरेच आहेत. त्यांनी रागावू नये. दिवाळीला याल तेव्हा वही घेऊन या, भागाकार मी करून देईन.