मॅच सगळ्यांची, मग वेबसाइट का नाही?

आपल्या लाडक्या संघाच्या चाहत्यांची वेबसाइट तुम्ही मॅचच्या दिवशी हमखास उघडत असाल. मॅच किती वाजता, तिकीट कितीला, कोणत्या गेटने आत जायचं, सगळं तिथेच कळतं. पण हेच पान एखाद्या अंध चाहत्याच्या फोनवर कसं उघडतं, याचा विचार कधी केलाय?

‘ज्याला दिसत नाही त्याला मॅचचं काय?’ असं मनात आलं असेल तर जरा थांबा. अंधांच्या क्रिकेटमध्ये चेंडूत छर्रे असतात आणि त्यांचा खुळखुळ आवाज ऐकून फलंदाज बॅट फिरवतो. अंधांचा पहिला टी-२० विश्वचषक २०१२ साली बेंगळुरूमध्ये झाला आणि अंतिम सामन्यात पाकिस्तानला हरवून तो आपणच जिंकला!

घरातल्या आजोबांनाही विचारून बघा. बाळ ज. पंडित यांचं मराठी धावतं समालोचन रेडिओवर लागायचं, तेव्हा डोळस आणि अंध दोघंही एकाच चेंडूला श्वास रोखून धरायचे. मात्र ज्यांना ऐकू येत नाही, ते त्या गंमतीबाहेरच राहायचे. वेबसाइट या दोघांनाही आत घेऊ शकते, कारण लिहिलेला मजकूर डोळ्यांनी वाचता येतो आणि फोनकडून वाचून घेऊन ऐकताही येतो. फक्त पान तसं बनवायला हवं.

अंध व्यक्तीच्या फोनमध्ये स्क्रीन रीडर असतो. अँड्रॉइडवर टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर. तो पडद्यावरची अक्षरं मोठ्याने वाचतो. गाडी अडते ती पोस्टरपाशी. आपण वेळापत्रकाचं झकास रंगीत पोस्टर करतो आणि तेवढंच टाकून मोकळे होतो. स्क्रीन रीडरसाठी ते नुसतं चित्र असतं. तारीख, वेळ, मैदान यातलं काहीच खात्रीने ऐकू येत नाही. पोस्टर जरूर टाका, पण खाली तोच मजकूर टाइपही करा. फोटोसोबत ‘ऑल्ट टेक्स्ट’ म्हणजे चित्राचं एका ओळीतलं वर्णन लिहा. ‘फोटो १’ नको. ‘विजयानंतर चषक उंचावणारी कर्णधार’ असं हवं.

मराठी पानांची एक वेगळीच अडचण असते. काही ठिकाणी मजकूर अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतो. आपल्याला अक्षरं देवनागरी दिसतात, पण स्क्रीन रीडर भलतंच काहीतरी बडबडतो. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच हवा. पानाची भाषा मराठी आहे, हेही वेबसाइट बनवणाऱ्याला कोडमध्ये नोंदवायला सांगा.

आता रंगांकडे वळू. संघाचा रंग पिवळा म्हणून पांढऱ्यावर पिवळी अक्षरं लिहिली, तर चांगली नजर असलेल्यांनाही डोळे बारीक करावे लागतात, मग आजींचं काय? अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक किमान ४.५ ला १ असावा, असं वेबसाइट सुगम करण्याचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. पिवळ्यावर गडद निळं लिहा, रंगही राहतो आणि वाचताही येतं. निकाल दाखवताना नुसता हिरवा-लाल ठिपका देऊ नका. साधारण १२ पुरुषांमागे एकाला रंगांमधला फरक नीट कळत नाही. शेजारी ‘जिंकलो’, ‘हरलो’ लिहिलं की प्रश्न मिटला.

व्हिडिओला सबटायटल द्या. पान उघडताच आपोआप वाजणारं संघगीत बंद ठेवा, कारण त्या आवाजात स्क्रीन रीडरचं बोलणं बुडून जातं. लिंकवर नुसतं ‘इथे क्लिक करा’ नको, ‘तिकीट काढा’ लिहा. आणि मैदानाची माहिती देताना रॅम्प कुठे आहे, व्हीलचेअर कोणत्या गेटने आत जाते, हेही आवर्जून सांगा. त्या एका ओळीवर कुणाचं तरी येणं-न येणं ठरतं.

हे सगळं कुणावर उपकार म्हणून करायचं नाही. दर वेळी ‘दादा, जरा वाचून दाखव ना’ म्हणावं लागणं कुणालाच आवडत नाही. स्वतःचं तिकीट स्वतः काढण्याचा आनंद मोठा असतो. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा माहिती सर्वांना वापरता यावी असं सांगतो. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

आज एक प्रयोग करा. फोनच्या सेटिंगमधल्या ‘ॲक्सेसिबिलिटी’त जाऊन टॉकबॅक सुरू करा. एकदा स्पर्श केला की तो वाचतो, दोनदा टॅप केलं की बटण दाबलं जातं, पान सरकवायला दोन बोटं लागतात. बंदही तिथूनच होतो. आता डोळे मिटा आणि तुमच्या क्लबच्या पानावर पुढच्या मॅचची वेळ शोधा. जिथे अडाल, तिथूनच दुरुस्तीला सुरुवात करा. मग पानावर एक ओळ टाका: ‘हे पान वापरताना काही अडलं तर आम्हाला सांगा.’ आणि कुणी सांगितलं, तर पुढच्या मॅचच्या आत ते दुरुस्त करा.