मैदानालाही विसावा हवा

शिवाजी पार्कच्या मैदानावरून कोरड्या दिवसांत उठणारी तांबडी धूळ हा दादरकरांचा जुना जाच आहे. १९२५ साली निर्माण झालेले सुमारे २८ एकरांचे हे मैदान म्हणजे मुंबईच्या क्रिकेटची पाठशाळाच. धूळ शमावी म्हणून तेथे हिरवळ राखण्याच्या योजना महापालिकेने आखल्या. हेतू स्तुत्य आहे. परंतु हिरवळ ही एकदा अंथरून मोकळे होण्याची वस्तू नव्हे, हे आम्हांस स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

आपल्या हवेत खेळाच्या मैदानास हरळीसारखे सोशिक गवत नाही. तिच्या सरपटणाऱ्या काड्यांना पेरापेरांशी मुळे फुटतात, म्हणून तुडविली गेली तरी ती पुन्हा उठते. पण पावलांनी, मोटारींनी व मांडवांच्या ओझ्याने माती दगडासारखी दबली, की मुळांस हवा मिळत नाही आणि पाणी वरच्या वर वाहून जाते. अशा जागी सुटी माती ओतणे म्हणजे वाऱ्याच्या हाती आणखी धूळ देणे होय. दबलेली जमीन टोचून मोकळी करावी, वाळूमिश्रित मातीचा पातळ थर द्यावा, पावसाच्या आरंभी काड्या लावाव्यात आणि त्या मूळ धरीपर्यंत तेथे कोणी खेळू नये, हाच खरा मार्ग.

अडचण आहे ती येथेच. हरळी रुजण्याचा हंगाम तोच मुलांच्या फुटबॉलचा आणि १९४८ साली सुरू झालेल्या कांगा लीगचाही. म्हणून मैदान चार महिने बंद ठेवा, असे आम्ही म्हणणार नाही. ज्या मुलास घरात पाय पसरावयासही जागा नाही, त्याचे अंगण हिरावून घेणारी हिरवळ काय कामाची? मैदानाचे भाग पाडून दर पावसाळ्यात एकेका भागास विसावा द्यावा व उरलेल्यांवर खेळ चालू राहावा. सभा-समारंभांच्या मांडवांनी पडलेले खड्डे बुजवून उखडलेली हरळी पुन्हा लावून देण्याचा भार मात्र मांडव घालणाऱ्यांवरच टाकावा.

नारळ फोडणे हे एका दिवसाचे काम. पाणी देणे, कापणी करणे, उघड्या जागा पुन्हा लावणे हे बारमाही आहे. तेव्हा गवत लावण्याच्या खर्चाबरोबरच ते जगविणाऱ्या माळ्यांचा व पाण्याचा खर्चही महापालिकेने अंदाजपत्रकात दरसाल धरावा. नागरिकांनीही दोरी बांधलेल्या भागातून आडवाट पाडू नये. एवढा संयम उभयपक्षी नसेल, तर धुळीविषयी तक्रार करण्याचा अधिकार आपण कोणत्या तोंडाने सांगणार?