पावसात टिकणारे स्क्रू
जबलपुरात जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस पडतो आणि अंगणातील सागवानी फळ्यांच्या ओट्याची परीक्षा सुरू होते. साग सहसा टिकतो; आधी दगा देतो तो साधा लोखंडी स्क्रू. ओल्या लाकडातील टॅनिनशी लोखंडाचा संयोग होऊन काळे डाग पडतात, स्क्रू आतून गंजतो आणि सैल फळीवर घरातील वृद्धांचा पाय अडखळतो. म्हणून आपण स्टेनलेस स्टीलचेच स्क्रू घ्यावेत. येथे ३०४ प्रत पुरते. ३१६ प्रत समुद्रकाठच्या खाऱ्या हवेसाठी. स्क्रूची लांबी फळीच्या जाडीच्या सुमारे अडीचपट असावी. आधी बारीक भोक पाडून घ्यावे, म्हणजे फळी चिरत नाही. खर्च थोडा वाढेल. परंतु पावसाळा सरताच सुताराला बोलावणे धाडावे लागणार नाही.