चित्रफितीचा सातबारा

अमरावती-अकोल्यातली आपली बरीच मुलं-मुली आज बीसीए किंवा अभियांत्रिकी करत आहेत. "क्लाउडचं काम शिकतोय," असं ती घरी सांगतात आणि अम्मी-अब्बा मान डोलावतात. काम कसलं, ते मात्र कळत नाही. म्हणून या महिन्यात आम्ही त्यातलं एक लहानसं काम समजावून घेणार आहोत : चित्रफीत कुठून उचलायची, हे स्ट्रीमिंग सेवेला लिहून देणं.

अ‍ॅमेझॉनची 'मीडियाटेलर' ही सेवा २०१७ साली आली. तयार चित्रफिती एकापाठोपाठ एक लावून तिच्यातून टीव्हीसारखी वाहिनी चालवता येते. समजा, अमरावतीच्या काही शिक्षकांनी दहावीच्या गणिताचे पाठ मराठीत आणि उर्दूत चित्रित केले आणि अ‍ॅमेझॉनच्या मुंबई केंद्रात ठेवले. आता सेवेला दोन गोष्टी सांगायच्या. एक, 'सोर्स लोकेशन' : फायली ज्या सर्व्हरवर आहेत त्याचा पत्ता. दुसरी, 'व्हीओडी सोर्स' : त्या पत्त्यावरची नेमकी कोणती चित्रफीत.

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे पटकन उमगेल. सातबाऱ्यावर गावाचं नाव असतं, गट क्रमांक असतो. शेत मात्र गावातच असतं. इथेही तसंच. सोर्स लोकेशन म्हणजे गाव, व्हीओडी सोर्स म्हणजे गट क्रमांक. नोंद पुसली तरी चित्रफीत जागेवर राहते. पण कोणी फाइलच हलवली, तर नोंद असूनही पडदा कोरा!

या नोंदीत तीन रकाने नीट भरावे लागतात. पहिला, फाइलचा मार्ग. ही फाइल चित्रफितीच्या तुकड्यांची यादी असते. दुसरा, प्रकार : एचएलएस की डॅश. तिसरा, 'सोर्स ग्रुप'चं नाव. वाहिनीच्या आउटपुटमध्ये दिलेलं नाव आणि हे नाव जुळलंच पाहिजे. शिकाऊ मुलं बहुधा इथेच अडखळतात.

हे रकाने वेबसाइटवर बटणं दाबूनही भरता येतात. मग कोड कशाला? समजा पाठ दोनशे आहेत आणि सगळ्या नोंदी एका मुलाने हाताने भरल्या. उद्या त्याला पुण्यात नोकरी लागली, तर कोणती नोंद का केली, हे कोणाला विचारायचं? 'क्लाउडफॉर्मेशन'मध्ये याच नोंदी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिता येतात. मग अकोल्यातली एखादी मुलगी घरी बसून ती फाइल वाचू शकते, दुरुस्त करू शकते, सगळी मांडणी पुन्हा उभी करू शकते. फाइल 'गिट'मध्ये ठेवली, तर कोणी कधी काय बदललं त्याचा फेरफारही राहतो. माणूस गेला तरी काम थांबत नाही.

शिकणाऱ्यांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नोंदीचं नाव विचार करून ठेवा. मार्ग नंतर सहज बदलतो, पण नाव बदललं की जुनी नोंद जाऊन नवी तयार होते. गुप्त किल्ली फाइलमध्ये कधीही लिहू नका. त्यासाठी 'सीक्रेट्स मॅनेजर' आहे. आणि सराव संपला की वाहिनी बंद करा. ती जितके तास चालू राहील तितकं बिल वाढतं, आणि ते घरातूनच भरावं लागतं. चार-पाच पाठच दाखवायचे असतील, तर यूट्यूब पुरेसं आहे.

पालकांना एकच सांगणं. एखादा क्लास क्लाउड शिकवण्याची मोठी फी मागत असेल, तर आधी विचारा : "आमची मुलगी ही फाइल स्वतः लिहायला शिकेल, की नुसती बटणं दाबायला?" बटणांच्या जागा वरचेवर बदलतात. लिहिता आलं, की नवीन सेवाही मुलं आपली आपण शिकून घेतात.